आतल्या टायरचा प्रश्न

लांब पल्ल्याच्या सेमी ट्रकच्या (पुढे ओढणारा ट्रॅक्टर आणि मागे ट्रेलर अशा गाडीच्या) मागच्या ॲक्सलना जोडटायर, म्हणजे प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन टायर, ठेवावेत, की प्रत्येक जोडीच्या जागी एकच रुंद टायर बसवावा, हा प्रश्न गाड्यांच्या देखभालीचे काम करताना माझ्यापुढे अनेकदा आला आहे. दर वेळी चर्चा डिझेलच्या बचतीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच अडकते. मला मात्र असे वाटू लागले आहे की, हा प्रश्न मुळात हवेचा आहे. म्हणजे टायरमधली हवा कोण, कधी आणि किती प्रामाणिकपणे तपासतो याचा.

ज्यांचा या टायरांशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. युरोपात ट्रेलरच्या तीन ॲक्सलना ३८५/६५ आर २२.५ मापाचे (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी) एकेरी टायर लावण्याची पद्धत जुनीच आहे. पण तेथेही इंजिनाची ताकद ज्या ॲक्सलवर येते तिथे सहसा जोडटायरच दिसतात. उत्तर अमेरिकेत मिशेलिन या टायर कंपनीने २००० साली ‘एक्स वन’ हा टायर आणला आणि ४४५/५० आर २२.५ हे माप रुळले. हे टायर सगळीकडे बसवले की अठरा चाकांची गाडी दहा चाकांची होते.

डिझेल वाचते, यात वाद नाही. टायर फिरताना जमिनीला टेकतो तिथे त्याच्या बाजूच्या भिंती दबतात आणि पुन्हा सरळ होतात, आणि या सततच्या दबण्यात खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. जोडीत अशा चार भिंती असतात, तर रुंद टायरला दोनच. परंतु जोडटायरही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ‘स्मार्टवे’ कार्यक्रमाने मान्यता दिलेल्या कमी रोलिंग रेझिस्टन्सच्या (फिरताना कमी ऊर्जा खाणाऱ्या) टायरांमध्ये रुंद टायरांच्या बरोबरीने जोडीत बसणारे टायरही आहेत. त्यामुळे झिजलेल्या, साध्या जोडटायरांशी नव्या रुंद टायराची तुलना करून काढलेला बचतीचा आकडा मी फारसा मनावर घेत नाही.

आता त्या आतल्या टायराकडे वळतो. जोडीतला बाहेरचा टायर डोळ्यांसमोर असतो. आतल्याच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायला बाहेरच्या रिमच्या खिडकीतून हात घालावा लागतो, तिथे ब्रेकची काळी भुकटी साचलेली असते, आणि हवा मोजायचे गेज नीट न बसता नुसतीच फुस्स करून हवा निघून जाते. थंडीत पहाटे निघणारा चालक हे चार ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ वेळा करील अशी अपेक्षा करणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो हातोडीच्या दांड्याने टायर ठोकतो, आवाज ऐकतो आणि गाडीत चढतो. अगदीच बसलेला टायर या आवाजावरून कळतो. पण १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे माप) आणि ८० पीएसआय यांतला फरक माझ्या कानाला तरी कधी कळलेला नाही.

या फरकाची किंमत मोजावी लागते. दोन्ही टायर एकाच हबला जखडलेले असल्यामुळे दोघांचे फेरे सारखेच होतात, मग त्यांचे व्यास वेगळे असले तरी. व्यासात ६ मिलिमीटरचा फरक असेल तर एका फेऱ्याला परिघात सुमारे १९ मिलिमीटरचा फरक पडतो. किलोमीटरला साधारण ३१० फेरे धरले, तर कागदावरच्या हिशेबाने दर किलोमीटरला जवळजवळ सहा मीटर. तेवढे अंतर लहान टायर फरफटत जातो. जोडीतला एकच टायर खवल्यांसारखा झिजलेला दिसला की आम्ही आधी ॲलाइनमेंटला दोष देत असू. आता आधी दोन्हींची हवा मोजतो.

जोडटायरांच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे एक पंक्चर झाला तरी दुसऱ्यावर गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. हा मुद्दा आकड्यांत मांडून पाहावा. अमेरिकेतील संघराज्य नियमानुसार दोन ॲक्सलच्या जोडीवर ३४,००० पौंड, म्हणजे एका ॲक्सलच्या एका बाजूला सुमारे ३,८५५ किलो भार येऊ शकतो. २९५/७५ आर २२.५ मापाचा नेहमीचा टायर एकटा असताना २,८०० किलोंसाठी बनवलेला असतो. जोडीदार बसला की उरलेल्यावर एक टनाहून अधिक जादा भार येतो आणि शिवाय हवा गेलेला टायर आतून भाजत राहतो. चालकाला काहीच जाणवत नाही. आपण ज्याला सुरक्षितता म्हणतो, ती पुष्कळदा फक्त वाईट बातमी उशिरा कळण्याची सोय असते.

रुंद टायर ही सोय देत नाही. ४४५/५० आर २२.५ चा टायर १२० पीएसआय हवेला ४,६२५ किलो भार पेलतो, पण तो फुटला की सावरायला शेजारी कोणी नसते. एकदा आमच्या एका ट्रेलरचा असा टायर रात्री फुटला आणि चालकाने गाडी कडेला घेईपर्यंत ॲल्युमिनियमच्या रिमची कड चंद्रकोरीसारखी घासली गेली होती. मदतीला आलेल्या गाडीत जोडटायरांची तीन मापे होती, हे एक नव्हते. सकाळ व्हावी लागली. शिवाय हा टायर एकट्याने उचलून बसवण्याचा विचारही कोणी करू नये, रिमसकट शंभर किलोंहून जास्त वजनाचा ऐवज असतो तो.

मग तो घ्यावा कोणी? ज्याच्या मालाचे भाडे वजनावर ठरते त्याने. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन आणि ट्रेलरच्या दोन अशा चारही ॲक्सलवर मिळून गाडी साडेतीनशे किलोंच्या आसपास हलकी होते; जुन्या पोलादी रिम काढून ॲल्युमिनियमच्या घेतल्या तर याहूनही अधिक. टँकरवाल्याला हे वजन प्रत्येक खेपेत मालाच्या रूपाने परत मिळते. रिकामे खोके किंवा कापूस भरून नेणाऱ्याची गाडी मात्र वजनाच्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याआधीच भरून जाते, आणि त्याला त्या साडेतीनशे किलोंचे डिझेलपुरतेच कौतुक.

एक तांत्रिक सावधगिरी. रुंद टायरांसाठी बाहेरच्या बाजूला दोन इंच सरकवलेल्या रिम मिळतात, त्यामुळे चाकांमधले अंतर वाढून गाडी जास्त स्थिर वाटते. पण भाराची रेषाही बाहेर सरकते आणि हबच्या बेअरिंगवर ताण येतो. म्हणून ॲक्सल बनवणाऱ्याने अशा रिमसाठी किती भार मान्य केला आहे, हे रिम घेण्याआधीच विचारावे. आम्ही आधी रिम घेतल्या आणि मग विचारले.

रिट्रेडिंगचा, म्हणजे झिजलेल्या टायराच्या सांगाड्यावर नवे रबर चढवण्याचा, हिशेबही वेगळाच निघतो. जोडटायरांचे सांगाडे आमच्याकडे दोनदा रिट्रेड होऊन निघतात. रुंद टायरांचे अनेक सांगाडे पहिल्याच तपासणीत बाद झाले, आणि त्यांतले बहुतेक हवा कमी असताना चाललेले होते. म्हणजे फिरून पुन्हा हवाच आली.

सध्या ठरावीक मार्गावर चालणाऱ्या टँकर ट्रेलरांना आम्ही रुंद टायर लावले आहेत, तेही ॲक्सलमधून आपोआप हवा भरणारी यंत्रणा बसवल्यानंतरच; त्यांचा एक टायर तळावर कायम तयार असतो. पुढच्या ट्रॅक्टरला जोडटायर ठेवले आहेत, कारण तो कधी कुठे पाठवावा लागेल याचा नेम नसतो. त्यांच्या आतल्या टायरांच्या व्हॉल्व्हना लांब नळ्या जोडून त्या बाहेर काढल्या आहेत. गेज आता नीट बसते, आणि पहिल्याच आठवड्यात तपासलेल्या आठपैकी तीन आतल्या टायरांत हवा कमी निघाली.