तेल्यावरचा पेपर कुठं पाठवायचा?

पीएच.डी.ची मुलं हमखास विचारतात, "सर, पेपर भारतातल्या जर्नलला पाठवू की बाहेरच्या?" परवा सांगोल्याच्या एका विद्यार्थिनीनंही तेच विचारलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिचा विषय डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे जिवाणूमुळं होणारा रोग. सोलापूर जिल्ह्यात या रोगापायी लोकांनी बागाच्या बागा उपटल्या. आधी तेलकट डाग, मग फळ तडकतं; मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारा हंगाम, धरला आणि पाऊस लागून राहिला, तर विचारायलाच नको. या रोगाची भारतातली पहिली नोंद १९५२ साली हिंगोरानी आणि मेहता यांनी केली, 'इंडियन फायटोपॅथॉलॉजी' या आपल्याच जर्नलमध्ये. जिवाणूचं नामकरण १९५९ मध्ये झालं, तेही भारतीय जर्नलमध्येच. सोलापूरजवळच्या केगावचं डाळिंब संशोधन केंद्र तर पार २००५ मधलं. म्हणजे आपल्या बागा जळायच्या कितीतरी आधी त्या रोगाची ओळख छापून ठेवलेली होती. त्या काळी डाळिंबाच्या पानावरच्या डागांना परदेशी संपादकानं जागा दिली असती, असं मला वाटत नाही.

रामन यांनीही १९२८ मध्ये आपला शोध 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्येच छापला.

आज पेपरांच्या संख्येत भारत जगात तिसरा आहे, पण त्यातले उत्तम पेपर बाहेर जातात. बढतीच्या मुलाखतीत इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, विचारतात, मग मुलं तरी काय करणार? चांगला पेपर नाही म्हणून आपल्या जर्नलला कोणी उद्धृत करत नाही, आणि उद्धृत होत नाही म्हणून पुढचा चांगला पेपरही येत नाही. मग तेच संशोधन वाचायला आपण पैसे मोजतो: जर्नलांची वर्गणी एकत्र भरणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांचे ६००० कोटी रुपये. मुलांना ते वाचायला मिळतंय याचा मला आनंद आहे. पण यातला थोडा पैसा आपल्या संपादकांच्या हाती पडायला हवा, असं मनापासून वाटतं.

माझा एक पेपर इथल्याच एका जर्नलकडं दीड वर्ष पडून होता, साधी पोचही आली नाही. फेलोशिप संपत आलेल्या मुलानं इतकं थांबावं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

त्या मुलीला म्हटलं, जनुकांचा भाग बाहेर पाठव. बहारानुसार घेतलेल्या नोंदी मात्र इथंच दे, त्या शोधणारा माणूस इथलाच असेल. माझ्याकडं ज्वारीच्या खडखड्या रोगावरचा एक पेपर रिव्ह्यूला आलाय. रविवारी तो वाचून परत पाठवतोय.