बाटली गढुळली नाही

जीवाणू वाढवायच्या आमच्या कामात बाटली गढूळ दिसली, म्हणजे ते वाढले, की जीव भांड्यात पडतो. त्या सोमवारी पाचवा दिवस होता आणि बाटली नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ होती.

भर पावसात मावळातल्या इंद्रायणी भाताच्या खाचरातून मुळांसकट चिखल आणला होता. तिथं पाऊल रुतलं की बुडबुडे येतात, त्यात मिथेन असतो. भाताच्या पोकळ धाटांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो, आणि मुळांलगतच्या त्या पातळ थरात मिथेन खाणारे जीवाणू राहतात. ऊर्जा मिथेनमधून, अंग बांधायला कार्बनही बराचसा त्यातूनच. साखरेला यातले बहुतेक तोंड लावत नाहीत.

त्यांना वाढवायचं म्हणजे हवाबंद करता येणारी सीरमची बाटली, तळाशी क्षारांचं पाणी, रबरी बूच, वर क्रिंपरनं आवळलेली अ‍ॅल्युमिनियमची टोपी. सिरिंजनं थोडी हवा काढायची, तेवढाच मिथेन भरायचा. बूच जरा सैल राहिलं तर मिथेन निसटतो आणि आपल्याला वाटतं, जीवाणूंनी खाल्ला. म्हणून शेजारी जीवाणू न घातलेली बाटली ठेवतेच मी. घाईत ती न ठेवणाऱ्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

जीवाणू वाढवायच्या जेलीच्या, म्हणजे आगरच्या, प्लेटवर गुलाबी ठिपके आले, पण प्रत्येकाला पांढरी साय चिकटलेली. मिथेन खाणारा थोडा मिथेनॉल बाहेर सोडतो, त्यावर जगणारे हे सोबती. साध्या आगरमधल्या अशुद्धीवरही ते पोसतात, म्हणून त्याचंच जास्त शुद्ध रूप, महागडं अ‍ॅगरोज मागवलं. खरेदीच्या फाईलीत त्याचे तीन महिने गेले. पुन्हा पुन्हा दहापट विरळ करत सात महिन्यांनी गुलाबी एकटा सुटला. आणि एकटा पडल्यावर वाढेचना. त्या सोमवारी क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू मोजायच्या यंत्रावर, त्याच्या बाटलीतला मिथेन शेजारच्या बाटलीइतकाच भरला.

फ्रीजमधली पांढऱ्या सोबत्याची बाटली काढली. लेबलवर माझ्याच अक्षरात ‘दूषित’. त्यातला एक थेंब गुलाबीच्या बाटलीत घातला. तिसऱ्या दिवशी बाटली गढूळ, मिथेन निम्म्यावर.

2011 साली जपानी संशोधकांनी दाखवलंय की रायझोबियम नावाचा जीवाणू अशा एका मिथेन खाणाऱ्याला बी-12 जीवनसत्त्व पुरवतो. मीही एकट्या गुलाबीला बी-12 देऊन पाहिलं. तीनपैकी एकच बाटली गढुळली. वरिष्ठ म्हणतात, एकटा वाढत नाही तर सोडून दे, दुसरा घे. मला ते पटत नाही. शेतात जो कधी एकटा राहतच नाही, त्याला बाटलीत एकटं पाडायचा हट्ट आपलाच ना?

काल पांढऱ्याचं पाणी गाळून, एकही पेशी न ठेवता, तीन नव्या बाटल्यांत घातलंय. सकाळी पाहिल्या. अजून स्वच्छ आहेत.