पोलिसांना युनियन का नाही?

2022 साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, पण धुळ्याच्या देवपुरात गल्लीतले लोक मला अजून जमादारच म्हणतात. सकाळी चहाच्या टपरीवर बसलो की कोणी ना कोणी हा प्रश्न काढतोच. परवा एका केळीच्या व्यापाऱ्याने काढला. "जमादार, एसटीवाला संप करतस, मास्तर करतस, तुम्हीच काबर नही करतस?" शेजारच्याने लगेच पुस्ती जोडली, "यास्ले काय कमी शे?" म्हणजे यांना काय कमी आहे, आणि सगळे हसले.

हसा. खाणारे खातात, ते मी नाकारत नाही. पण शिपायाचं मूळ वेतन सातव्या आयोगात 21,700 पासून सुरू होतं, आणि महिना त्यावरच काढणारेही मी आयुष्यभर पाहिलेत. असो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

कायद्यातलं उत्तर छोटं आहे. घटनेचं 33 वं कलम संसदेला पोलिसांचे हक्क आवळू देतं आणि 1966 च्या कायद्याने ते आवळले. परवानगीशिवाय संघटनेत गेलात किंवा वर्तमानपत्राशी बोललात तर दोन वर्षांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय इंग्रजांचा 1922 चा एक कायदा आहे. पोलिसाच्या मनात असंतोष पेरणाऱ्या बाहेरच्या माणसालाही त्यात शिक्षा आहे. तेव्हा टपरीवर मला चिथावताना जरा जपून.

महाराष्ट्रात संघटना होती. मी 1984 ला भरती झालो, तेव्हा तिच्याबद्दल जुने हवालदार आवाज खाली आणून बोलायचे. 1982 च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईतल्या शिपायांनी काळ्या फिती लावल्या. 18 ऑगस्टला सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना उचललं, आणि मुंबई पेटली. गिरणी संप चालूच होता, कामगारही रस्त्यावर आले, दुकानं लुटली गेली, लष्कर बोलवावं लागलं. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. आमचे कवायतीचे उस्ताद एवढंच म्हणायचे, "मागायचं ते अर्जात मागा." संपाचा हक्क मला तेव्हाही नको होता आणि आजही नको. ज्या रात्री पोलीस घरी बसतो त्या रात्री लुटला जातो तो गरीबच.

पण अर्ज जातो कुठे ते ऐका. अर्ज 'योग्य मार्गे' पाठवावा लागतो. हा मार्ग ज्या साहेबाने रजा नाकारली त्याच्याच टेबलावरून जातो.

मी शिपाई होतो तेव्हाची गोष्ट. नंदुरबार अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता, तो 1998 ला झाला. एका दरबारात, म्हणजे शिपायांच्या अडचणी ऐकायच्या सभेत, मोठ्या साहेबांनी विचारलं, "कोणाला काही अडचण?" दरबारात हा प्रश्न विचारायची रीतच असते आणि गप्प राहायची आमची रीत. त्या दिवशी एक नवा पोरगा उभा राहिला. म्हणाला, तीन महिने साप्ताहिक सुट्टी मिळालेली नाही. साहेब चांगले होते, त्यांनी तिथल्या तिथे ताकीद दिली. दोन आठवडे सुट्टी मिळाली. मग ड्युटी लावणाऱ्या हजेरी मास्तरच्या वहीत कैदी पार्टी, म्हणजे कैदी ने-आण, म्हटलं की त्याचंच नाव, समन्स-वॉरंट म्हटलं की त्याचंच. पावसाळ्याआधी त्याची बदली सातपुड्यात धडगावकडे झाली, 'प्रशासकीय कारणास्तव'. नियम कोणीही मोडला नाही. (धडगावला माणूस शिक्षा म्हणून पाठवायचा, म्हणजे तिथल्या पावरा-भिल आदिवासींना आपण काय लायकीचा पोलीस देत होतो, हाही प्रश्न आहेच. तो कधी कोणी विचारत नाही.)

पगारापेक्षा माझं दुखणं संख्याबळाचं. ठाण्यात फळ्यावर 'मंजूर' आणि 'हजर' असे दोन आकडे असतात. मंजुरीत चाळीसेक माणसं दिसतात. त्यातल्या काही जागा भरलेल्याच नसतात. उरलेल्यांतून कोर्टात गेलेले वजा करा, मग प्रशिक्षणाला, कैदी घेऊन, गार्डवर, आजारी आणि साहेबांच्या बंगल्यावर असलेले. रात्रगस्तीला उरतात तीन-चार, आणि त्यांच्या हद्दीत वीस-पंचवीस गावं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा आली की त्यातलेही निम्मे जातात. तापीकाठची ती थंडी, शाळेच्या फरशीवर पसरलेली सतरंजी, रात्रभर घोड्यांचं खिंकाळणं. आणि मागे गावात चोरी झाली की तुम्ही म्हणता, पोलीस वेळेवर आले नाहीत. खरंच आलेले नसतात.

2022 ला आमच्या नैमित्तिक रजा 12 वरून 20 झाल्या, नेमक्या मी निवृत्त झालो त्याच वर्षी! पण माणूसच नसेल तर वीस काय आणि बारा काय, वहीत लिहिलेली रजा वहीतच राहते.

मुंबईत 2016 साली देवनार ठाण्याच्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळीचं वेळापत्रक मांडलं. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते वाचलं आणि त्याच ठाण्यात करून पाहिलं. आमच्याकडे ती बातमी सगळ्यांनी मोबाइलवर फिरवली. शिपायाचं कौतुक वाटलं, पण त्याहून जास्त हेवा वाटला त्याच्या नशिबाचा, की वरती कागद वाचणारा माणूस भेटला. मी होतो तोवर माझी ड्युटी बारा तासांचीच होती, त्यात बंदोबस्त धरलेला नाही. केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत, त्यांची अधिवेशनं भरतात, ठराव होतात, आणि केरळ काही बुडालेलं नाही. आपल्याकडेही आयपीएस अधिकाऱ्यांची संघटना आहेच. मग फळ्यावरचे ते दोन आकडे घेऊन वर जाणारं, ज्याची बदली धडगावला करता येणार नाही असं कोणीतरी शिपायालाही का नसावं?

माझा मुलगाही खात्यातच आहे. तो 2005 नंतरचा, म्हणून त्याला माझ्यासारखी जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा त्याला कलेक्टर कचेरीसमोर बंदोबस्त होता. रात्री घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "नाना, एका मास्तरनं पाण्याची बाटली दिली. म्हणाला, भाऊ, आम्ही तुमच्यासाठी पण ओरडतोय."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? रस्ता मोकळा करा म्हटलं."