आधी भिंत, मग गल्ली

सकाळ, ढगाळ

आभाळ भरलेलं आहे, म्हणजे आज भिंतींचा दिवस. अशा हवेत बरेच जण कॅमेरा कपाटात ठेवतात, पण रंगवलेल्या भिंतीला याहून चांगला उजेड मिळत नाही. ढगांतून गाळून आलेला प्रकाश सगळ्या चित्रावर सारखा पडतो. तैलरंगाची चकाकी उतरते, झाडाच्या फांद्यांची जाळी चित्रावर उमटत नाही. उन्हात अर्धी भिंत तापलेली आणि अर्धी सावलीत असली, तर दोन भागांत तीन स्टॉपचा फरक सहज पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मग एक बाजू सांभाळताना दुसरी हातची जाते.

समोरून, सरळ, काठोकाठ टिपलेलं भित्तिचित्र हे चित्रकाराचंच काम असतं, फोटो काढणारा तिथे निव्वळ नकलनवीस. ही नक्कल मात्र कमी लेखू नये, कारण भिंत टिकत नाही. न्यूयॉर्कमधली फाइव्ह पॉइंट्झ ही ग्राफिटीने भरलेली इमारत 2013 च्या नोव्हेंबरात एका रात्रीत पांढऱ्या रंगाखाली गेली. पुढे 2018 मध्ये न्यायालयाने 21 चित्रकारांना 67.5 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पैसे मिळाले, चित्रं गेली ती गेलीच. त्यामुळे माझा क्रम ठरलेला असतो: आधी भिंतीची नोंद, मग गल्लीचा फोटो. दोन्ही एकाच फ्रेममध्ये उरकायला गेलं की नोंद वाकडी होते आणि फोटो निर्जीव.

या दोन वाटा जुन्याच आहेत. न्यूयॉर्कच्या रंगवलेल्या भुयारी रेल्वेगाड्या हेन्री चॅलफंट हा छायाचित्रकार समोरच्या फलाटावरून टिपत असे. गाडी थांबली की बाजूला सरकत सरकत एकमेकांवर चढणाऱ्या फ्रेम घ्यायच्या आणि नंतर प्रिंट जोडून अख्खा डबा उभा करायचा, ही त्याची पद्धत. मार्था कूपर मात्र त्याच गाड्या मोकळ्या भूखंडांवरून, इमारतींच्या पार्श्वभूमीवर धावताना टिपायची. 1984 मध्ये दोघांच्या फोटोंचं एकत्र पुस्तक निघालं. ती चित्रं कशी होती हे चॅलफंटच्या फोटोंतून कळतं, आणि ती कोणत्या शहरात फिरत होती हे कूपरच्या.

आता नोंदीचं गणित. भिंतीपासून किती लांब उभं राहायचं, हे चाचपडत ठरवण्याची गरज नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यात, म्हणजे 36 मिलिमीटर रुंद सेन्सरच्या, भिंतीची रुंदी गुणिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), भागिले 36. भिंत 6 मीटर रुंद आणि लेन्स 35 मिलिमीटरची असेल तर 5.8 मीटर, 50 ची असेल तर 8.3 मीटर. एपीएस-सी हा लहान सेन्सर असेल तर 36 च्या जागी 23.5 घ्यायचे, म्हणजे 35 च्याच लेन्सला जवळजवळ 9 मीटर लागतात. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला चार-सव्वाचार मीटर पुरतात. शिवाय चारही बाजूंना थोडी जागा सोडायची असते, म्हणून आलेल्या आकड्यात एक पाऊल मिळवायचं. आणि मागे सरकताना नजर स्क्रीनवर ठेवायची नाही. आधी वळून रस्ता बघायचा, जागेवर जायचं, मगच कॅमेरा डोळ्याला लावायचा. या छंदातला खरा धोका मागून येणाऱ्या गाडीचा आहे.

24 मेगापिक्सेलच्या फ्रेमची रुंदी 6000 पिक्सेल असते. 6 मीटरची भिंत त्यात बसवली की भिंतीच्या एका मिलिमीटरला एक पिक्सेल मिळतो. ब्रशचा फटकारा, स्प्रेची धूळ, वाहून आलेला ओघळ टिपायला तेवढं पुरतं. भिंत 15 मीटरची असेल तर एका फ्रेमवर भागत नाही, तुकडे जोडावे लागतात.

कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही, हे डोळ्याने नीट कळत नाही. स्क्रीनवरची जाळी चालू करायची आणि विटांची आडवी ओळ किंवा भिंतीचा खालचा कठडा जाळीच्या रेघेवर बसवायचा. आडवी ओळ एका टोकाला वर चढत असेल तर कॅमेरा कलंडलाय किंवा तुम्ही भिंतीच्या मध्यासमोर नाही. कॅमेरा सरळ करूनही ती चढत असेल तर दोन पावलं बाजूला व्हा. उभ्या कडा वर जाताना जवळ येत असतील तर कॅमेरा वर झुकलाय. हा झुकाव नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतो, पण फुकटात नाही: वरचा भाग ताणला जातो, तिथला तपशील पातळ होतो आणि बाजूचे कोपरे कापले जातात. कमी झुकाव खपून जातो. जास्त झाला की सरळ केलेली इमारत वर जाताना रुंद होत गेल्यासारखी वाटते. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेलं चित्र असेल तर रस्ता ओलांडून 85 किंवा 100 मिलिमीटरने घेतलेला फोटो जवळून घेतलेल्या 24 पेक्षा नेहमी सरळ येतो. समोर जिना किंवा ओटा असेल तर तोही वापरावा. दीड मीटर उंची मिळाली तरी निम्मं काम होतं.

कॅमेऱ्याची मांडणी अशी: लेन्सचं छिद्र एफ 8, प्रकाशसंवेदना आयएसओ 100 ते 200, शटर निदान 1/125 सेकंद, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. एफ 2 वर मधला भाग धारदार येतो नि कोपरे मऊ पडतात. सपाट चित्रात ते लगेच खुपतं. काळ्या पार्श्वभूमीच्या चित्राला कॅमेरा उगाच उजळवतो, तिथे दोन-तृतीयांश स्टॉप खाली यायचं. पांढऱ्या भिंतीला उलट, एक स्टॉप वर. फ्लुरोसंट गुलाबी आणि केशरी रंग मात्र सगळ्यांची परीक्षा घेतात. एकत्र हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख केव्हाच उजव्या काठाला आपटलेला असतो आणि त्या जागी सपाट डाग येतो. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे बघायचे. एवढं करूनही असे रंग साध्या स्क्रीनवर डोळ्याला दिसले तसे येत नाहीत. तो स्क्रीनच्या रंगमर्यादेचा दोष आहे. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, ओढून तो भरून निघत नाही.

रंगांची खूण म्हणून भिंतीला टेकवून ग्रे कार्डाचा, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्याचा, एक फोटो घ्यावा. सावलीतल्या भिंतीवर मोकळ्या आकाशाची निळाई पडते, तिथे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्याचे रंग जुळवणं) 7000 ते 8000 केल्विनपर्यंत न्यावा लागतो. समोरची इमारत पिवळी किंवा विटकरी असेल तर तिचाही रंग भिंतीवर येतो. ऑटो व्हाइट बॅलन्स अशा ठिकाणी प्रत्येक फ्रेमला वेगळं ठरवतो, आणि तुकडे जोडताना पट्टे दिसतात.

तुकडे जोडायचे तर एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने बांधून टाकायचे. अरुंद गल्लीत भिंतीपासून 3 मीटरच मिळाले, 35 ची लेन्स आहे आणि कॅमेरा उभा धरला आहे असं धरू. एका फ्रेममध्ये सुमारे 2 मीटर रुंदी आणि 3 मीटर उंची येते. 40 टक्के भाग पुन्हा यायला हवा, म्हणजे दर वेळी 1.2 मीटर बाजूला सरकायचं. 9 मीटरच्या भिंतीला सात फ्रेम. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवायचा नाही, भिंतीला समांतर चालायचं. फोनचा पॅनोरमा नेमका फिरवून घेतला जातो, म्हणून त्यात सपाट भिंत मधोमध फुगते आणि दोन्ही टोकांना आक्रसते. चालत घेतलेल्या फ्रेममध्ये वेगळी अडचण येते: भिंतीपुढचा खांब, झाड किंवा उभी सायकल प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी सरकते आणि जोडताना तुटते. भिंत सपाटच असते, म्हणून ती जुळते, पुढची वस्तू जुळत नाही. अशी वस्तू एकाच फ्रेममध्ये पूर्ण येईल अशी बेतायची आणि जोड तिच्या बाहेर पाडायची.

दुकानांच्या शटरवरची चित्रं दुकान उघडण्याआधीच बघायला मिळतात. शटरच्या पट्ट्यांमुळे वरून ऊन आलं की चित्रभर आडव्या काळ्या रेघा पडतात, म्हणून त्यांनाही ढगाळ सकाळच मानवते.

दुपार, ढग विरले

ऊन आल्यावर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावायचा मोह होतो. चकाकणाऱ्या रंगावर तो उपयोगी आहे, पण तिरक्या बाजूने. भिंतीवरच्या लंबाशी साधारण 55 अंशांचा कोन असेल तेव्हा तो चमक सर्वांत जास्त खातो. अगदी समोर उभं राहिलं तर जवळजवळ काहीच करत नाही, वर दीड ते दोन स्टॉप उजेड घेतो. समोरून चमक येत असेल तर एकच उपाय: सूर्य सरकेपर्यंत थांबणं. पूर्वेकडच्या भिंती दुपारनंतर सावलीत जातात, पश्चिमेकडच्या सकाळी सावलीत असतात. भिंतीची दिशा एकदा टिपून ठेवली की पुढची फेरी फुकट जात नाही.

हेच तिरकं ऊन जुन्या जागांना मात्र हवं असतं. सूर्य भिंतीला जवळजवळ घासून जाईल इतक्या कोनात असताना गिलाव्याचे पोपडे, विटांच्या सांधी, खिळ्यांच्या खुणा उठून दिसतात. खळीने चिकटवलेल्या कागदी चित्राच्या सुटलेल्या कडा, स्टेन्सिलच्या काठावर साचलेला रंग, पुसट झालेल्या जाहिरातीखाली दडलेली आणखी जुनी जाहिरात, हे सगळं त्या तासाभरातच वाचता येतं. ब्रासाई या छायाचित्रकाराने 1930 च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर कोरलेल्या खुणा टिपल्या. जागा वहीत लिहून ठेवायचा आणि वर्षांनंतर परत जाऊन त्याच खुणेचं काय झालं ते बघायचा. वहीची ही सवय महागड्या लेन्सपेक्षा जास्त कामाची.

परत जायचं असेल तर पहिल्याच वेळी उभं राहिल्याची जागा टिपायची: पायाखालची फरशी किंवा गटाराचं झाकण, लेन्स, उंची. जुना फोटो फोनवर उघडून दोन पक्क्या खुणा धरायच्या, एक जवळची आणि एक लांबची, खांब आणि मागच्या इमारतीचा कोपरा अशा. दोघांमधलं अंतर फ्रेममध्ये तेवढंच दिसलं की तुम्ही त्याच जागी आहात. नुसतं झूम करून चौकट जुळवली तर जागा चुकते, आणि दोन फोटो एकावर एक ठेवले की ते उघडं पडतं.

संध्याकाळ

आता गल्लीचा फोटो. चित्र फ्रेमभर घ्यायचं नाही, दोन-तृतीयांशाहून कमी ठेवलं तरी चालतं. उरलेल्या जागेत पायरी, वायरींचा गुंता, वाळत घातलेले कपडे, पुढून जाणारा माणूस. नोंदीत नकोशा वाटलेल्या सगळ्या गोष्टी इथे हव्यात. माणूस आल्याने चित्राचा आकार कळतो. पण तो चित्रातल्या चेहऱ्यावर येऊन झाकू नये, त्याच्याभोवती थोडी मोकळी भिंत असावी. चालणारा गोठवायला 1/250, सायकलस्वाराला 1/500, नुसती हालचालीची रेघ हवी तर 1/15 आणि कॅमेरा टेकवलेला. चौकट आधी लावून थांबणं सोपं. माणसामागे धावलं की माणूस सावध होतो, भिंतही वाकडी येते.

भिंतीवरचा डोळा आणि खालच्या माणसाचा डोळा जुळवण्यासारख्या गमतीजमती मला लवकर कंटाळवाण्या वाटतात. एकदा हसू येतं, पुढच्या वेळी युक्तीच दिसते. लोक त्या भिंतीजवळ नेहमी काय करतात, तिला टेकून बसतात की तिच्याकडे पाठ करून उभे असतात, हे टिपायला जास्त वेळ लागतो आणि तेच टिकतं. मुलं असतील तर सोबतच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. घराच्या उघड्या खिडक्याही चौकटीबाहेर ठेवाव्या.

अंधार पडल्यावर दोन गोष्टी बिघडतात. जिथे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे तिथे बरेच एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला, त्यातही इलेक्ट्रॉनिक शटरला, भिंतीवर गडद पट्टे येतात. 1/100 किंवा 1/50 वर ते जातात. जुने पिवळे सोडियम दिवे असतील तर रंगांची आशा सोडावी: कमी दाबाचे दिवे जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, 589 नॅनोमीटरचा प्रकाश देतात. निळा उजेड भिंतीवर पडतच नाही, तर तो फाइलमध्ये कुठून येणार? असा फोटो कृष्णधवल करावा, रंगांसाठी दिवसा परत यावं.

रात्री, टेबलाशी

फोटो संगणकावर सुधारताना क्रम बदलला की काम दुप्पट होतं. आधी लेन्सचा फुगीरपणा सॉफ्टवेअरमधल्या त्या लेन्सच्या प्रोफाइलने काढायचा, मग ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स, मग उभ्या-आडव्या रेषा सरळ, शेवटी कापणी. फुगीर भिंत आधी सरळ करायला गेलं तर मधल्या रेषा जुळतात आणि कडेच्या वाकड्याच राहतात. नोंदीच्या फोटोत ओघळ, तडे, वर कुणी खरडलेली नावं पुसायची नाहीत. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, जागा या क्रमाने लिहिलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

प्रत्येक भिंतीचे चार फोटो तरी असावेत: पूर्ण चित्र, सहीचा कोपरा, एखादा जवळचा तपशील, आणि जागा ओळखू येईल असा चौक किंवा पाटी. शेवटचा कंटाळवाणा वाटतो, पण उंच इमारतींमधल्या गल्लीत जीपीएस दहा-वीस मीटर चुकू शकतो आणि नकाशावरची खूण शेजारच्या गल्लीत जाऊन बसते.

सही वाचता आली तर फोटोखाली चित्रकाराचं नाव द्यायचंच. विकायचा किंवा जाहिरातीला द्यायचा असेल तर नाव देणं पुरत नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या कलाकृतींचे फोटो वापरण्याची मोकळीक जर्मनीच्या कायद्यात भित्तिचित्रांनाही लागू होते. ब्रिटनच्या 1988 च्या आणि भारताच्या 1957 च्या कायद्यांतली सूट मात्र इमारती, शिल्पं अशा कामांपुरती आहे, भिंतीवर रंगवलेलं चित्र त्यात येत नाही. तेव्हा आधी चित्रकाराची परवानगी, मग व्यवहार.

पडक्या वाड्यांचे, बंद गिरण्यांचे फोटो टाकताना फाइलमधली जागेची माहिती काढून टाकते. चौकातल्या मोठ्या भित्तिचित्राची तशीच ठेवते.