लेव्हल ३३, हात अजून तांब्यात

३ जुलै

दुपारपासून इथे गोव्यात, साखळी गावात, पाऊस नुसता कोसळतोय. वाळवंटी नदीचं पाणी किती चढलं ते बघायला बाबा दोनदा पुलापर्यंत जाऊन आले. साडेनऊला वीज आली आणि मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ उघडला. क्लासिक, म्हणजे २००४ सालचा मूळ खेळ २०१९ मध्ये परत आणला तो.

खेळातल्या वेटलँड्स नावाच्या प्रदेशात एका टेकडीच्या कुशीत लोखंडाचा नोड, म्हणजे खनिजाचा खडक, दिसला. आजूबाजूला मगरींशिवाय कुणी नाही, माझ्याकडे कुदळ आहे, मी खाणकाम शिकलेली आहे. क्लिक केलं तर नकार. लोखंडाला मायनिंग, म्हणजे खाणकामाचं कौशल्य, १२५ लागतं, माझं ५८. ब्लॅकस्मिथिंग, म्हणजे लोहारकी, ७१. माझी ड्वॉर्फ वॉरियर, म्हणजे खेळातली माझी बुटकी योद्धा, ३३ लेव्हलची झालीय आणि तिच्या हाताला अजून फक्त तांबं ओळखता येतं!

वाईट वाटलं, अगदी मनापासून. दोन तास मिळतात रोज. पणजीहून कदंबा बस साखळीला पोचेपर्यंत साडेसहा होतात, मग स्वयंपाक, जेवण, आणि मग हे. ते दोन तास गेले पाच आठवडे मी मावसभावाच्या मागे धावण्यात घालवले. तो खेळात पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, फोंड्याहून खेळतो. ‘अगो चल, एक डन्जन मारूया’ म्हणाला की मी निघाले. डन्जन म्हणजे शत्रूंनी भरलेलं भुयार, गटाने जाऊन साफ करायचं. लेव्हल वाढत गेली, लोहारकी मागे राहिली.

क्लासिकमध्ये खाणकाम किंवा घडाई करून लेव्हलच्या अनुभवाचा एक गुणही मिळत नाही. भट्टीपाशी घालवलेला तास लेव्हलच्या हिशेबात शून्य, आणि डन्जनमधला तास लोहारकीच्या हिशेबात शून्य.

५ जुलै

भावाला सांगितलं की आठवडाभर मी येणार नाही. तो म्हणाला, ‘लागतं ते ऑक्शन हाऊसमधून विकत घे ना.’ म्हणजे खेळातल्या लिलावाच्या बाजारातून. पैसे नाहीत असं नाही. पण लेव्हल ४० ला घोडा, म्हणजे माझ्या ड्वॉर्फचा मेंढा, घ्यायचाय. त्याला स्वार होण्याच्या कौशल्यासकट १०० सोन्याच्या आसपास लागतात. ती रक्कम मी तांब्याच्या बारवर, म्हणजे वितळवून केलेल्या कांबींवर, उडवणार नाही.

म्हणून परत डन मोरो. माझ्या ड्वॉर्फचं गाव. सगळीकडे बर्फ. मी ३३ ची असल्यामुळे लांडगे अंगावर येत नाहीत. डोंगराच्या कडेकडेने चालायचं, नकाशावर पिवळा ठिपका दिसला की वळायचं. दोन तासांत फक्त तांबं, आणि मला फार बरं वाटलं. लेव्हल वाढवताना मी हा प्रदेश तीन दिवसांत ओलांडला होता. गुहेमागे गोठलेलं तळं आहे हे मला आज कळलं.

एक गोष्ट आधी कळायला हवी होती. कच्चं खनिज पिशवीच्या एका खणात १० मावतं, बार २० मावतात. म्हणजे वितळवलं की जागा निम्मी लागते. मी मात्र पिशव्या भरल्या की खनिज दुकानदाराला कवडीमोलाने विकून पुढे पळत होते.

८ जुलै

मायनिंग ६५ झाल्यावर टिन काढता येऊ लागलं. टिन म्हणजे आपलं कथील. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, भाता चालवून नवसागर टाकायचा आणि कापसाने कथील फिरवायचा. काळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. तो वास मला अजून आठवतो. खेळात तांब्याचा एक बार नि कथलाचा एक बार भट्टीत घातला की कांशाचे दोन बार मिळतात. हे बघून आजीची कांशाची वाटी आठवली आणि मी ती फळीवरून काढून पुसून ठेवली.

आयर्नफोर्जच्या मधोमध ती मोठी भट्टी आहे. शहरच तिच्याभोवती वसलंय. तिथे उभी राहून घडाई केली. यादीत जिचं नाव नारिंगी रंगात दिसतं ती वस्तू केली तर कौशल्य नक्की वाढतं, पिवळी बहुतेक वेळा, हिरवी क्वचित, करडी कधीच नाही. मी केलेली चूक इथे लिहून ठेवते. नुसता आकडा वाढावा म्हणून मी एकाच नमुन्याचे सतरा पट्टे केले. कुणी घालणार नाही असे. सतरा पट्ट्यांचं तांबं म्हणजे माझी एक अख्खी संध्याकाळ. यापुढे जे कुणाच्या तरी अंगावर जाईल तेच आधी करायचं, मग त्यात एखाद-दुसरा गुण कमी मिळाला तरी चालेल.

९ जुलै

आज बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाय, हे काय, खाण?’

त्यांनी अकरा वर्षं टिप्पर चालवला. डिचोली-सत्तरीच्या खाणींतून माल भरायचा आणि मांडवीच्या धक्क्यावर ओतायचा, तिथून बार्ज मुरगाव बंदरात. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि टिप्पर अंगणात उभा राहिला. मध्ये थोडं सुरू झालं, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. आमच्याकडे या विषयावर कुणी फारसं बोलत नाही.

मी त्यांना दाखवलं. हे तांबं, हे कथील, लोखंडाला अजून वेळ आहे. ते म्हणाले, ‘लोखंड असं करडं नसतं. आपलं तांबडं. पावसात सगळा रस्ता तांबडा व्हायचा, तुझ्या शाळेचे मोजेसुद्धा.’ मग विचारलं, ‘काढून करतेस काय? विकतेस?’

मी म्हटलं, बरेच जण तेच करतात. दोन व्यवसाय घेता येतात. ते दोन्ही गोळा करायचेच घेतात, खाणकाम आणि कातडी सोलणं. कच्चा माल बाजारात टाकायचा, सोनं घ्यायचं आणि लेव्हल वाढवायची. घडाईत वेळ जात नाही. हिशेबाने बघितलं तर तेच शहाणपणाचं.

बाबा म्हणाले, ‘आम्ही तेच केलं. आमोण्याला भट्टी होती, पण आमचा बहुतेक माल कच्चाच जहाजावर चढला. जपान, चीन. त्याचं पुढे काय झालं ते आम्ही बघितलंच नाही.’ आणि झोपायला गेले.

मी त्यानंतर कितीतरी वेळ काही केलं नाही. ड्वॉर्फ भट्टीपाशी उभी होती.

१३ जुलै

माझ्यापुरतं आता ठरलंय.

खाणावळीत लॉग आउट केलं की विश्रांतीचा अनुभव साठतो. दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के, आणि जास्तीत जास्त दीड लेव्हल. तो असेपर्यंत शत्रू मारल्यावर दुप्पट गुण मिळतात. क्वेस्टच्या, म्हणजे नेमून दिलेल्या कामगिरीच्या, बक्षिसाला तो लागू नाही. मी रोज दोनच तास खेळते, म्हणजे ऑफिसात असते तेव्हा माझी ड्वॉर्फ खाणावळीत साठवत असते. तेवढं संपेपर्यंत लढायचं. अनुभवाची निळी पट्टी जांभळी झाली की कुदळ काढायची. लेव्हलला घाई असते तेव्हा लढाई, घाई संपली की खाण. घड्याळ लावून असं करता येत नव्हतं. पट्टीच्या रंगावर सोपवल्यापासून जमतंय.

आणि ज्या प्रदेशात लढते तिथला धातू काढता आलाच पाहिजे. नाही आला तर पुढच्या प्रदेशात जायचं नाही. खेळाने याला स्वतःच्या पायऱ्या घातल्यात. लोहारकीचं कौशल्य १५० च्या पुढे न्यायला लेव्हल २० लागते, २२५ च्या पुढे ३५. म्हणजे लेव्हल सोडून नुसती लोहारकी करत बसणंही शक्य नाही. ही अट मला पूर्वी जाचक वाटायची. आता वाटतं की दोन्ही सोबत चालावं म्हणूनच ती घातली असेल.

भाऊ ३७ ला पोचला. मी ३३ वरच. त्याचं थोडं दुःख आहे, खोटं कशाला लिहू. आम्ही दोघांनी एकाच संध्याकाळी सुरुवात केली होती.

१९ जुलै

मायनिंग १२६, ब्लॅकस्मिथिंग १२५. वेटलँड्समधल्या मेनेथिल बंदराला उतरून थेट त्याच टेकडीपाशी गेले. नोड होता.

पहिल्या घावाला लोखंड आणि एक जड दगड निघाला. पुढच्या अर्ध्या तासात आणखी तीन नोड. आयर्नफोर्जला जाऊन त्या दगडांचे धार लावायचे दगड केले. एक दगड तलवारीवर घासला की अर्धा तास प्रत्येक घावाची इजा ४ ने जास्त. वॉरियरची सगळी भिस्त शस्त्रावर, म्हणून दोन मला ठेवले. बाकीचे पाच भावाला टपालाने पाठवले. त्याच्याकडेही तलवारच आहे.

त्याचा फोन आला. ‘अगो, हे तू केलंस?’ पिशवीतल्या प्रत्येक दगडाबद्दल त्याला कुठून काढला ते ऐकायचं होतं. मी सांगितलं. उद्या तो वेटलँड्सला परत येतोय, मला ३४ करायला.

बाहेरून बाबांनी विचारलं, ‘लोखंड मिळालं?’

‘मिळालं.’

‘वितळवलंस?’

आठ बार झाले होते. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि ते चष्मा शोधायला आत गेले.