फ्रेंच सरावाची नोंद : मुक्काम 'सी'पाशी

या टप्प्यात नवी क्रियापदे बाजूला ठेवून केवळ होकारावर भर दिला. 'वी', म्हणजे 'हो', पहिल्याच धड्यात येतो आणि तेवढ्यावर भागेल असे वाटते. मात्र प्रश्न नकारार्थी असला की तो चालत नाही. 'त्यु न व्हियाँ पा?', म्हणजे 'तू येत नाहीस?', असे कोणी विचारले आणि आपल्याला यायचे असेल, तर 'सी' म्हणावे लागते. यायचे नसेल तर 'नों'. मराठीत आपण 'हो, नाही येत' असे सहज म्हणतो, कारण आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो, तर फ्रेंच उत्तर प्रत्यक्ष येण्या-न येण्याला दिलेले असते. म्हणून आपल्याला हा शब्द पाठ असूनही ऐन वेळी सुचत नाही.

सरावासाठी नकारार्थी विधाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली असून प्रत्येकानंतर उत्तरापुरती उसंत ठेवली आहे. 'ज नॅम पा ल फ्रोमाज', म्हणजे 'मला चीज आवडत नाही', हे कानावर पडताच आपल्याला ते आवडत असेल तर 'म्वा, सी' ('मला आवडते') आणि नसेल तर 'म्वा नों प्ल्यु' ('मलाही नाही'). यांपैकी पहिले आता आपसूक येते, दुसऱ्याला अजून क्षणभर लागतो. इटालियन किंवा स्पॅनिश आधी शिकलेल्यांनी इथे विशेष जपावे; तिथला रोजचा 'सी' फ्रेंचमध्ये नकार खोडून काढण्यासाठी वापरतात.

या निमित्ताने थोडा इतिहासही वाचला. लॅटिन 'होक'पासून दक्षिण फ्रान्समध्ये 'ओक' हा होकार रूढ झाला, तर उत्तरेत 'होक इल्ले'पासून 'ओइल' आणि पुढे आजचा 'वी' आला. लाँगदोक या तिथल्या जुन्या प्रांताच्या नावात तो दाक्षिणात्य होकार अजूनही आहे. इटालियन कवी दांतेने तर 'ओक', 'ओइल' आणि इटालियन 'सी' या होकारांवरूनच भाषांची विभागणी केली होती.

'वी'चे बोलीतले रूप असलेला 'वे' ऐकताना आता ओळखू येतो, आणि न पटता दिलेला 'म्वे'ही. मी स्वतः मात्र अनोळखी माणसांशी 'वी'च वापरतो, कारण 'वे' त्यांच्यापुढे फार सैल वाटतो. कोणी कॉफी विचारली तर 'व्होलाँतिये' किंवा 'आव्हेक प्लेझिर', म्हणजे 'आनंदाने', म्हणावे. नुसते 'मेर्सी' ('धन्यवाद') म्हटल्यास ते 'नको' असे समजले जाण्याची शक्यता असते. 'दाकॉर' ('ठीक आहे') हा बेत किंवा अट मान्य करताना शोभतो.

पुढच्या टप्प्यात 'ज क्र्वा क वी' आणि 'ज क्र्वा क सी' (दोन्हींचा अर्थ 'मला वाटते, हो') या जोडीचा सराव करायचा आहे. त्यात 'वी'आधीचा 'क' पुढच्या शब्दात मिसळू न देता वेगळा उच्चारायचा असतो.