सहा चौकोनांपुरतं

पोस्टकार्डावर पत्त्याखाली पिनकोडसाठी सहा कोरे चौकोन छापलेले असतात. एरवी माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण त्या चौकोनांत आकडे नीट बसायचे. कुणी ओरडायची गरज नव्हती, चौकोनच शिस्त लावत.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मूळचे कोकणातले, दळणवळण मंत्रालयात मोठ्या पदावर, आणि त्याशिवाय संस्कृत कवी. गण-मात्रांचा हिशेब अंगात मुरलेल्या माणसाने अख्ख्या देशाचा पत्ता सहा आकड्यांत बसवला, याचं मला फारसं नवल वाटत नाही. एकाच नावाची ढीगभर गावं, प्रत्येक राज्याची लिपी वेगळी, त्यात पत्ता लिहिणाऱ्याचं अक्षर. पत्रं भलतीकडे जायची. आकड्याला ती अडचण नाही. पहिला ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडचं. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. ४११०३० म्हटलं की सदाशिव पेठ, पुढे बोलायचं काम नाही.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की पिनकोड पोस्ट ऑफिसपाशी थांबतो. तिथून पुढे ‘मारुतीच्या देवळामागे, गिरणीशेजारी’ हे पोस्टमनच्या डोक्यात.

अर्थात त्याच्या डोक्यात आणखीही बरंच असे, कारण कार्ड उघडंच. पोस्टमन वाचणार, वाड्यातलं कुणी वाचणार, आणि हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक. म्हणून भाषाच पडदा धरायची. ‘ती. बाबांस शि. सा. नमस्कार’ झाला की कामाचं एक वाक्य: ‘मागे बोलल्याप्रमाणे ते काम मार्गी लागले. बाकी समक्ष भेटीत.’ कुठलं काम, किती रुपयांचं, कुणाच्या मुलीचं, पोस्टमनने बसावं डोकं खाजवत. शुभवार्तेच्या कार्डाला कोपऱ्यात हळदकुंकू. मृत्यूची बातमी असली की कोपरा फाडलेला, आणि असं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून झालं की फाडायचं. मजकुरात शिरण्याआधीच हाताला कळायचं.

पण त्या काळाचे गोडवे गाताना मला सुनांची आठवण येते आणि जीभ जरा अडखळते. माहेरचं पत्र आधी सासरी वाचलं जाई, तिचं उत्तरही. ‘मी येथे सुखरूप आहे, काळजी नसावी’ हे वाक्य किती जणींनी काय गिळून लिहिलं असेल! तिच्या हाती बंद पाकीट आणि ते टाकायला जायची मोकळीक असती, तर किती घरांचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

आज ते बंद पाकीट सगळ्यांच्या खिशात आहे. व्हॉट्सॲपने २०१६ साली सगळ्या संदेशांना कुलूप घातलं. मधल्या मधे मजकूर कुणाला वाचता येत नाही. पाकिटाची बाहेरची बाजू मात्र कंपनीला दिसते: कुणी कुणाला लिहिलं, केव्हा, किती वेळा. रात्री दोन वाजता कुणी एकाच डॉक्टरला चारदा फोन लावला, तर आत काय बोलणं झालं ते ऐकायची गरज उरते का? उघड्या कार्डावर काय उघडं आहे हे लिहिणाऱ्याला दिसत होतं. इथे कुलपाचं चित्र दिसतं आणि आपण निर्धास्त होतो.

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन नावाचा डिजिटल पत्ता आणला. दहा अक्षरं-आकडे, आणि साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद एवढा जमिनीचा तुकडा. त्यात नाव-गाव काही नसतं, नुसते अक्षांश-रेखांश आहेत. रुग्णवाहिकेला डोंगरावरची वाडी सापडायला तो फार उपयोगी पडेल, मी नाकारत नाही. तरी चार मीटर म्हणजे आमचं स्वयंपाकघर! वेलणकरांचे सहा आकडे पेठेपर्यंत येऊन अदबीने थांबत, हा थेट ओट्यापाशी येतो.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक चांगली तरतूद आहे. तुमची माहिती मागणाऱ्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची, म्हणजे मराठीतही. मला धास्ती आहे ती त्या मराठीची. ‘उपरोक्त प्रयोजनार्थ प्रक्रियाकरणास’ असलं काही बारीक टायपात आलं, की खालचं ‘मान्य’ न वाचताच दाबलं जाणार. ती सूचना पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागात मावली पाहिजे, असा नियम करायला काय हरकत आहे?

तोवर माझं आपलं घरगुती धोरण आहे. मागवलेल्या वस्तूच्या खोक्यावर नाव, मजला, मोबाइल नंबर, सगळं छापलेलं असतं. खोकं रद्दीत द्यायच्या आधी मी ते लेबल नखाने खरवडून काढते. रद्दीवाला ताटकळत उभा असतो. परवा म्हणाला, “ताई, कितीही सोला, पुठ्ठ्याचा भाव तोच मिळणार.”